एकाच प्रश्नाला दोन उलट उत्तरं

विद्यापीठ निवडताना त्याच्या नावाला किती महत्त्व द्यायचं, हे विचारायला प्रवेशाच्या दिवसांत कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्याकडे एखादा आकडा तयार असेल अशी लोकांची समजूत असते. यंदा दोघींनी विचारलं. एक माझी विद्यार्थिनी, दुसरी माझी भाची. दोघींनाही दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक सगळ्यांना ठाऊक असलेलं विद्यापीठ, दुसरं फारसं कुणी न ऐकलेलं. विद्यार्थिनीला मी म्हटलं, मोठ्या नावाचं घे, मागेपुढे पाहू नकोस. भाचीला म्हटलं, नावाकडे बघूच नकोस, विभाग बघ. दोघी एकमेकींना ओळखतात. गोष्ट साहजिकच माझ्या बहिणीपर्यंत पोचली आणि तिचा फोन आला. "परक्या मुलीला मोठं विद्यापीठ आणि आपल्या मुलीला लहान? असं का गं?"

फोनवर जे बोलणं झालं ते तुटक होतं. इथे सविस्तर लिहिते, कारण दोन्ही सल्ले मी एकाच कारणासाठी दिले आहेत.

आधी हे नाव तयार कशातून होतं ते बघू. विद्यापीठाचं वय, तिथलं संशोधन, तिथून शिकून गेलेली मोठी माणसं आणि दारातून परत पाठवलेल्यांची संख्या. पहिल्या वर्षाच्या वर्गात काय आणि कसं शिकवतात, याला यात जवळपास जागा नाही. ते बाहेरून दिसत नाही आणि मोजायलाही अवघड.

शांघाय जिआओ तोंग विद्यापीठाने २००३ मध्ये विद्यापीठांचं जागतिक रँकिंग सुरू केलं. चिनी विद्यापीठं जगाच्या तुलनेत कुठे आहेत हे पाहणं, हा तेव्हाचा उद्देश. या रँकिंगमध्ये ३० टक्के गुण नोबेल पारितोषिकं आणि गणितातल्या फील्ड्स पदकांसाठी असतात: २० टक्के ती मिळवणाऱ्या प्राध्यापकांचे, १० टक्के माजी विद्यार्थ्यांचे. आणखी २० टक्के 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांत आलेल्या शोधनिबंधांचे. माजी विद्यार्थ्यांच्या त्या १० टक्क्यांच्या रकान्याला नाव दिलंय 'शिक्षणाची गुणवत्ता'. म्हणजे तिथे शिकलेल्या कुणाला तरी नोबेल मिळालं, की तिथलं शिक्षण उत्तम. त्या माणसाने पदवी कित्येक दशकांपूर्वी घेतली असली, तरी थोड्या कमी वजनाने तो हिशेबात धरला जातो. संशोधनात पुढे असलेल्या संस्था ओळखायला ही यादी चांगली आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीने पदवी कुठे घ्यावी, हे त्या यादीला कुणी विचारलेलंच नाही.

दुसरं मोठं रँकिंग क्यूएस या ब्रिटिश कंपनीचं. त्यात अनेक वर्षं ४० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतांना आणि १० टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना होते. म्हणजे निम्मं रँकिंग 'तुम्हाला कोणतं विद्यापीठ चांगलं वाटतं' या प्रश्नावर उभं होतं. २०२४ च्या यादीपासून हे प्रमाण ३० आणि १५ टक्के झालं. आजही जवळपास निम्मंच आहे.

असा मतांचा फॉर्म मी भरलेला आहे, त्यामुळे तो आतून कसा असतो ते सांगते. आधी तुमचा विषय विचारतात आणि जगाच्या कोणत्या भागातली विद्यापीठं तुम्हाला माहीत आहेत ते विचारतात. मग एक रिकामी चौकट येते. त्यात दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली नावं उघडतात, त्यातलं निवडायचं. आपल्या देशातली दहापर्यंत, बाहेरची तीसपर्यंत. स्वतःची संस्था निवडता येत नाही. ज्यांचे शोधनिबंध मी खरोखर वाचते, ज्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध माझ्याकडे तपासायला आले, अशा विभागांची नावं मी लिहिली. बाहेरच्यांची यादी अर्धीही भरली नाही. उरलेल्या जागांसाठी नावं सुचत नव्हती असं मुळीच नाही, उलट झरझर सुचत होती. पण ती सगळी अशी नावं होती जी रस्त्यावरच्या कुणालाही सुचतील, आणि त्यांच्या संख्याशास्त्र विभागात सध्या काय चाललंय याची मला प्रत्यक्ष काहीच माहिती नव्हती. मी त्या जागा मोकळ्या सोडल्या. जगभरातून लाखाहून जास्त प्राध्यापकांची अशी मतं गोळा होतात. रिकामी जागा दिसली की हात प्रसिद्ध नावाकडे वळणार, हा मनुष्यस्वभाव आहे.

मायकल बॅस्टेडो आणि निकोलस बोमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या 'यूएस न्यूज' या नियतकालिकाच्या रँकिंगवर नेमका हाच अभ्यास केला. ते रँकिंग १९८३ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा आधार फक्त कॉलेजांच्या अध्यक्षांची मतं हा होता, आणि मतांना त्यात अजूनही वजन आहे. २०१० मध्ये या दोघांनी दाखवून दिलं की आधी छापलेला क्रमांक नंतरच्या मतांवर परिणाम करतो, संस्थेत प्रत्यक्ष काही बदललेलं नसलं तरीही. मतांवरून क्रमांक आणि क्रमांकावरून मतं. असं नाव वर्षानुवर्षं टिकून राहतं यात नवल ते काय!

परत पाठवलेल्यांच्या संख्येबद्दल थोडक्यात. शंभरातल्या पाच जणांनाच घेतात असं ऐकलं की आपण दबकतो. पण हा दर कमी करायला शिकवणं सुधारावं लागत नाही, फक्त अर्ज जास्त यायला हवेत. अर्ज करणं सोपं करायचं, पत्रं पाठवून मुलांना 'तुम्ही अर्ज कराच' म्हणायचं, की अर्जांचा आकडा फुगतो आणि दर आपोआप खाली येतो. नकार मिळालेल्या प्रत्येक मुलाने त्या विद्यापीठाचं नाव थोडं मोठं केलेलं असतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आकडे तरी खरे असतात का? कोलंबिया विद्यापीठ २०२२ मध्ये 'यूएस न्यूज'च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी आपल्याच संस्थेने दिलेली माहिती तपासायला घेतली. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के, असा संस्थेचा दावा. थॅडियस यांनी वर्गांची उघड उपलब्ध असलेली माहिती मोजली तर ते प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबिया अठराव्या क्रमांकावर आलं. दुसऱ्या क्रमांकाच्या आणि अठराव्या क्रमांकाच्या त्या दिवसांत इमारती त्याच होत्या, शिक्षक तेच, ग्रंथालय तेच. आपल्याच संस्थेचे आकडे जाहीरपणे तपासायला जे धैर्य लागतं, त्याबद्दल मला या माणसाविषयी मनापासून आदर आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे नाव फसवंच. तसं मला म्हणायचं नाही. नाव कसं तयार होतं हा एक प्रश्न, आणि नावाचा उपयोग होतो का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझे दोन सल्ले तिथूनच येतात.

मोठ्या नावाच्या ठिकाणी शिकलेली माणसं पुढे जास्त कमावतात, हे दिसतंच. पण विद्यापीठामुळे कमावतात का? हुशार, मेहनती आणि बहुतेकदा सुस्थितीतल्या घरातली मुलं निवडून आत घेतली, चार वर्षांनी तीच मुलं बाहेर आली आणि पुढे गेली, तर त्यातलं किती श्रेय विद्यापीठाचं आणि किती त्यांचं? संख्याशास्त्रात आम्ही पहिल्या वर्षापासून घोकून घेतो तो हा निवडीचा प्रश्न.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या संशोधकांनी २००२ मध्ये यावर जो मार्ग काढला, तो मी दर वर्षी वर्गात शिकवते. त्यांनी अमेरिकेत १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती घेतली. नुसते गुण सारखे असलेले विद्यार्थी त्यांनी जुळवले नाहीत. ज्यांनी साधारण सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार आणि नकार आले होते, असे विद्यार्थी जुळवले. त्यातले काही मोठ्या नावाच्या ठिकाणी गेले होते, काही होकार असूनही लहान ठिकाणी गेले होते. मग पुढची कमाई पाहिली. सरासरीत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. या मांडणीचं सौंदर्य असं की अर्ज करणं हीच माहिती आहे. कोणत्या ठिकाणी अर्ज करायची हिंमत मुलाला होते, यातून त्याच्याबद्दल असं काहीतरी कळतं जे गुणपत्रिकेत नसतं: महत्त्वाकांक्षा, चिकाटी, स्वतःवरचा विश्वास. प्रवेशसमितीला जे दिसतं आणि संशोधकाला दिसत नाही, तेही होकार-नकारांच्या रांगेतून थोडंफार हाती लागतं. डेल आणि क्रूगर यांना असंही दिसलं की ज्या अव्वल कॉलेजाने नकार दिला त्याचा दर्जा पाहून पुढच्या कमाईचा अंदाज जास्त चांगला येतो, प्रत्यक्ष शिकलेल्या कॉलेजाच्या दर्जावरून तितका येत नाही. नकार आलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते. तिथे अर्ज करणारी जी तू होतीस, तीच तू अजून आहेस.

२०१४ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात १९८९ च्या तुकडीचीही भर पडली आणि कमाईचे आकडे सरकारी नोंदींतून घेतले गेले. निष्कर्ष तोच राहिला.

पण दोन्ही वेळा एक अपवाद निघाला, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पहिल्या अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांना मोठ्या नावाच्या कॉलेजाचा स्पष्ट फायदा झाला होता. दुसऱ्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) विद्यार्थ्यांना झाला, आणि ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते अशांना झाला. म्हणजे ज्यांच्याकडे घरून आलेली ओळख नाही, बड्या कचेरीत बसणारा काका नाही, अर्ज कसा लिहायचा हे सांगणारं माणूस नाही, त्यांना विद्यापीठाचं नाव खरोखर उपयोगी पडतं. इतरांकडे ते सगळं आधीपासून असतंच. विद्यापीठ त्याच्यावर फार काही चढवत नाही.

विद्यार्थिनीला आणि भाचीला मी वेगळी उत्तरं का दिली, हे आता लक्षात आलं असेल.

पण त्या दोघींकडे वळण्याआधी आणखी एक अभ्यास सांगायला हवा, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'आयव्ही लीग' या नामांकित गटातली आठ विद्यापीठं आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा विद्यापीठं घेतली. प्रतीक्षायादीत असलेल्यांपैकी ज्यांना शेवटी आत घेतलं आणि ज्यांना घेतलं नाही, त्यांची तुलना केली. सरासरी कमाईत इथेही मोठा फरक नाही. पण कमाईत अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळपास दीडपट, नावाजलेल्या ठिकाणी पुढचं शिक्षण घेण्याची जवळपास दुप्पट आणि प्रतिष्ठित कंपन्यांत काम मिळण्याची तिप्पट निघाली. याच अभ्यासात हेही दिसलं की परीक्षेत सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना या विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. ज्यांना या नावाचा सर्वाधिक फायदा झाला असता, त्यांच्यासाठीच दार सर्वांत अरुंद. हे वाचताना मला दर वेळी राग येतो.

काही दारं नावानेच उघडतात, हे मान्यच करायला हवं. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी गुंतवणूक बँका, सल्लागार कंपन्या आणि मोठ्या वकिली फर्ममध्ये माणसं निवडणाऱ्या १२० जणांच्या मुलाखती घेतल्या. ठरलेल्या मोजक्या विद्यापीठांच्या यादीबाहेरचे अर्ज तिथे बहुतेकदा नीट वाचलेही जात नाहीत. त्या विद्यापीठात काय शिकलात यापेक्षा तिथे प्रवेश मिळाला हेच निवडणाऱ्यांना पुरेसं वाटतं. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेताचा सिद्धान्त, ज्यासाठी त्यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो इथे तंतोतंत लागू पडतो. नोकरी देणाऱ्याला माणसाची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो मिळवायला अवघड असलेली खूण बघतो.

तर माझी विद्यार्थिनी. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. इंटर्नशिपसाठी आधी कुणाला लिहायचं, शिफारसपत्र कसं मागायचं, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन नेमकं काय बोलायचं, हे तिने सगळं विचारून विचारून मिळवलंय. मोठ्या विद्यापीठाने तिला पूर्ण शुल्कमाफी दिली होती आणि राहण्याचा खर्चही. लहान विद्यापीठ घराजवळ होतं, एवढंच त्याचं आकर्षण. तिथला गणित विभाग साधारण आहे. तरीही ती घाबरत होती. म्हणाली, "मॅडम, तिथे सगळे माझ्यापेक्षा हुशार असतील."

तिची भीती खोटी नव्हती. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलंय की आपण हुशार आहोत की नाही हे माणूस शेजारच्या बाकावर बघून ठरवतो. तीच कुवत असलेलं मूल तगड्या वर्गात गेलं की स्वतःला कमी समजू लागतं. म्हणून मी तिला तारखेनिशी सांगून ठेवलंय की पहिल्या सत्राचे गुण हातात पडतील तेव्हा ते तुझ्या सवयीपेक्षा कमी असतील, त्या दिवशी मला फोन करायचा आणि कोणताही निर्णय घ्यायचा नाही. तिथल्या गणित सहाय्य केंद्राच्या वेळाही आम्ही दोघींनी मिळून लिहून काढल्या. पण नाव घे, असंच सांगितलं. मुलाखतीच्या खोलीत कुणी ओळखत नसताना जे नाव तिच्या बाजूने बोलेल, ते तिच्याकडे दुसरं कुठलंच नाही. आणि त्यासाठी घरावर कर्ज होणार नव्हतं. कर्ज होणार असतं, तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते.

आता भाची. तिचे आईवडील दोघंही उच्चशिक्षित. मावशी विद्यापीठात, मामा संशोधनात. तिला जीवरसायनशास्त्र करायचंय, पुढे पीएचडी करायची आहे, बँकेत किंवा सल्लागार कंपनीत जाण्याचा तिचा विचार नाही. मोठ्या विद्यापीठात शिष्यवृत्ती नाही, त्यामुळे भलंमोठं कर्ज. लहान विद्यापीठ शिष्यवृत्ती देतंय.

आम्ही दोघी एका संध्याकाळी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी उघडून बसलो. मोठ्या ठिकाणी पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र काही शेकडा मुलांच्या सभागृहात. छोट्या गटांच्या तासिका पीएचडीचे विद्यार्थी घेतात, त्यातले काही उत्तम शिकवत असतीलही. प्राध्यापकांच्या लॅबमध्ये काम तिसऱ्या वर्षी, तेही अर्ज करून, जागा असली तर. लहान ठिकाणी दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला आळीपाळीने वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करणं सक्तीचं. मग आम्ही एक गोष्ट केली जी मी सगळ्यांना करायला सांगेन. दोन्ही विभागांचे अलीकडचे शोधनिबंध उघडले आणि लेखकांच्या नावांत पदवीचे विद्यार्थी शोधले. लॅबच्या पानावर सदस्यांची यादी असते, ती बाजूला ठेवून नावं ताडून पाहायची. मोठ्या विद्यापीठाच्या निबंधांत पीएचडी आणि त्यापुढच्या संशोधकांचीच गर्दी होती. लहान विद्यापीठाच्या निबंधांत पदवीच्या मुलांची नावं पुन्हा पुन्हा येत होती, एका ठिकाणी तर पहिलंच नाव. नंतर भाचीनेच एनएमआर यंत्र (रेणूंची रचना तपासणारं) वापरण्याची नियमावली शोधून काढली. एकीकडे पदवीच्या मुलांना यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती, नमुना तंत्रज्ञाकडे द्यायचा. दुसरीकडे दुसऱ्या वर्षी प्रशिक्षण घेतलं की स्वतः वेळ आरक्षित करता येत होती. ते वाचून तिचा चेहरा खुलला.

"पण शिकवणारे?" असं बहिणीने फोनवर विचारलं होतं. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या पीएचडी देणाऱ्या विद्यापीठांत जे प्राध्यापक अमेरिकेतच शिकलेले आहेत, त्यातल्या ८० टक्क्यांनी पीएचडी जेमतेम २० टक्के विद्यापीठांतून घेतलेली आहे. दर आठातला एक प्राध्यापक फक्त पाच विद्यापीठांतून आलेला: बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड. ज्या ठिकाणी पीएचडी केली त्याहून मोठ्या नावाच्या ठिकाणी नोकरी फार थोड्यांना मिळते, बहुतेक जण खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत जातात. प्राध्यापकांच्या बाबतीत ही व्यवस्था न्याय्य नाही, चांगलं काम करणारे कित्येक जण नुसत्या नावापायी मागे राहतात. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा की मोठ्या विद्यापीठात तयार झालेली माणसं लहान विद्यापीठांत शिकवताहेत, आणि तिथे त्यांचं दार वाजवायला रांग कमी आहे.

भाचीचं काही नुकसान होणार नाही असं मी म्हटलेलं नाही. मोठ्या ठिकाणी आजूबाजूला जी मुलं असतात, त्यांच्याशी रात्री दोन वाजता ज्या गप्पा होतात, पुढच्या आयुष्यात त्या ओळखी जिथे पोचतात, ते सगळं खरं आहे. तिला वकिली फर्ममध्ये जायचं असतं तर मी तिलाही मोठंच विद्यापीठ घे म्हटलं असतं.

काही अभ्यासक्रमांत तर विद्यापीठाच्या नावाआधी वेगळीच गोष्ट पाहायला हवी. इंजिनिअरिंगमध्ये तो विशिष्ट कार्यक्रम मान्यताप्राप्त आहे का ते आधी बघा. १९८९ च्या वॉशिंग्टन करारामुळे सदस्य देशांत एकमेकांच्या मान्यताप्राप्त पदव्या समकक्ष धरल्या जातात, आणि ती मान्यता कार्यक्रमाला असते, विद्यापीठाच्या कीर्तीला नसते. पीएचडीला जाणाऱ्यांनी तर मार्गदर्शक कोण, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आज कुठे आहेत, एवढं तरी शोधावंच.

बहिणीशी नंतर निवांत बोलले. तिची खरी अडचण वेगळीच निघाली. "कुठे घेतला प्रवेश, असं कुणी विचारलं आणि आपण नाव सांगितलं की ते पुन्हा विचारतात, कुठे म्हणालात? ते मला सहन होणार नाही," असं ती म्हणाली. हे तिने इतक्या सरळपणे कबूल केलं याचं मला बरं वाटलं. मुलीने इतकी वर्षं केलेल्या मेहनतीची पावती चारचौघांनी एका शब्दात ओळखावी, असं आईला वाटणारच. पण ते कर्ज फेडताना मुलीला पीएचडी करायची की आधी मिळेल ती नोकरी धरायची, असा प्रश्न पडेल, हे मी तिच्यापुढे मांडलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डेल-क्रूगरचा निबंध पाठव म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला की १९७६ ची मुलं वेगळी होती, आणि हे सगळं एकाच देशातलं आहे. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पहिल्यासाठी तिला २०१४ चा निबंध पाठवला. दुसऱ्याबद्दल मी मान्य केलं की जिथे सरकारी परीक्षेची गुणवत्तायादी किंवा भरतीची पद्धत वेगळी आहे तिथे हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण या विद्यापीठाच्या नावामुळे माझ्यासाठी असं कोणतं दार उघडेल जे एरवी बंद राहील, हा प्रश्न तिथेही विचारता येतो.

भाचीने अजून ठरवलेलं नाही. दोन्ही विभागांतल्या शेवटच्या वर्षाच्या एकेका विद्यार्थ्याला तिने तोच ईमेल पाठवलाय: गेल्या वर्षी लॅबमध्ये आठवड्याला प्रत्यक्ष किती तास मिळाले, मार्गदर्शक दीर्घ रजेवर गेले तर काय होतं, आणि शिफारसपत्र लिहिण्याइतकं तुला ओळखणारे प्राध्यापक किती आहेत. लहान विद्यापीठाकडून लांबलचक उत्तर आलंय, मोठ्याकडून यायचंय. ते आलं की ती ठरवेल, आणि ती जे ठरवेल त्यात तिच्या आईशी बोलायला मी तिच्या बाजूने असेन.